मारबतीच्या हवाली

शामलाने वरण चाखलं. मीठ बरोबर होतं. तिने मुद्दाम चमचाभर आणखी टाकलं, ढवळलं आणि ताट महादेवरावांपुढे सरकवलं.

पहिल्याच घासाला त्यांचा जबडा थांबला. मग त्यांनी पाण्याचा लोटा जवळ ओढला.

"खारट झालं का?"

"चालते."

"चालते म्हणजे काय? झालं का नाही झालं?"

"झालं थोडं. जेवून राहिलो ना मी."

आणि जेवले. ताट पुसून जेवले. शामला चुलीपाशी बसून त्यांचे हात बघत राहिली. लकडगंजच्या आरा मशीनवर सागाचे ओंडके उलथवणारे हात ते. जोर नाही असं नव्हतं. मग तो जातो कुठे? कळमेश्वरचा पहिला नवरा निदान सरळ होता. मीठ जास्त तर थप्पड, कमी तर लाथ, आणि सकाळी आईची शपथ घेऊन रडणं. त्याचा दर ठरलेला होता. ह्याने पाट लावून दुसरा संसार मांडल्याला वर्ष होत आलं, तरी भाव सांगितलेला नाही. आणि जिथे भाव सांगत नाहीत तिथे गिऱ्हाईक शेवटी बुडतं, असं शामलाचं पक्कं मत होतं.

त्यात पहिल्या बायकोशी, अंजनाशी, त्यांची फारकत झालेली. लग्नाच्या बोलण्यात कारण विचारलं तर म्हणाले, "पटलं नाही." पटलं नाही! एवढ्याशा शब्दाखाली किती काय झाकता येतं, ते शामलाला कुणी शिकवायला नको होतं. भाऊ भैयाजी तेव्हा तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "पोळ्यापर्यंत पाहून घे. नाही जमलं तर मी येतो घ्याले." पोळा काल झाला. भैयाजी आज संध्याकाळी यायचा होता, आणि त्याला काय सांगायचं ते अजून ठरत नव्हतं.

"चाल वं, मारबत पाहाले," हात धुताना महादेवराव म्हणाले.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पिणाऱ्यांचा दिवस. शामला लगेच उठली. आज तरी भाव कळेल.

इतवारीत माणसावर माणूस होता. बांबू-कागदाची पिवळी मारबत, ती अवाढव्य बाई, खांद्यांवर हेलकावत आली आणि आरोळ्या उठल्या. गावाबाहेर जाळायच्या आधी नागपूरकर तिच्या पाठीवर वर्षभराची सगळी पीडा लादतात.

"खोकला-ताप घेऊन जा गे मारबत!"

"महागाई घेऊन जा गे मारबत!"

"माह्या सासूले घेऊन जा गे मारबत!" मागून एक बाई ओरडली.

"मी इथंच आहो वं, सटवे!" तिच्या शेजारची म्हातारी म्हणाली.

सगळे हसले, शामलाही. हसता हसता तिने बाजूला बघितलं. महादेवराव हसत नव्हते. दारूचा वासही नव्हता. उजवी मूठ त्यांनी डाव्या हाताने दाबून धरली होती आणि ओठ हलत होते. तिने कान जवळ नेला.

"माहा हात घेऊन जा गे मारबत."

मारबत पुढे गेली, ढोल लांब गेले. शामला एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली.

"अंजनाले मारत होते तुमी?"

"हो."

"पिऊन?"

"नाही. शुद्धीत."

इतके महिने ती ह्याच उत्तराच्या मागावर होती. ते आता शपथ घेतील, रडतील, म्हणून ती थांबली. महादेवराव नुसते उभे होते.

"कुठं असते ती?"

"वाडीले. भावाकडं."

"मले घेऊन चला."

"काहून?"

"तिले विचारायचं आहे. तुमाले विचारून काय फायदा?"

"भैयाजी येतीन ना संध्याकाळी."

"बसन तो ओट्यावर. तिचं ऐकल्याबिगर त्याले काय सांगू मी?"

महादेवरावांनी चेहऱ्यावरून दुपट्टा फिरवला.

"ती मले दार नाही उघडणार, शामला."

"तुमाले कोण म्हणते आत चला? तुमी नाक्यावर थांबा."

त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. मग बर्डीच्या रस्त्याला वळले. "बस तिकडून मिळते," म्हणाले.

शामला अंतर राखून त्यांच्या मागे निघाली. मारणाऱ्या माणसाकडे कधी पाठ करायची नाही, हे ती कळमेश्वरला शिकली होती. रस्ता अरुंद झाला, समोरून बैलगाडी आली, तसे ते थांबून कडेला झाले आणि तिला वाट करून दिली.

शामलाने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे पाठ करून ती पुढे चालू लागली.