आधी बारसं, मग बांगड्या

या, अशा जवळ सरका. बुवा अजून पोचले नाहीत, पेटीवाल्यांचं सूर जुळवणं चाललंय, तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगते. पूर्वरंगात अडकवत नाही, थेट आख्यानालाच बसते. पण भिंतीला टेकू नका हं. ही कथा टेकून ऐकायची नाही.

आमच्या ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातलीच आहे. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं, त्यानंतरचे दिवस. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, निम्मी दप्तरं बैलगाड्यांत घालून स्टेशनवर गेली आणि तिथून इंदूरला. संस्थानची फौज हिंदी सैन्यात मिसळली. आमच्या शेजारचे जगदेवराव त्या फौजेत जमादार होते, निवृत्त झालेले. त्यांचे थोरले चिरंजीव मल्हारराव त्याच पलटणीत. विलीनीकरणात त्यांची तुकडी कुठे उत्तरेला हलवली, आणि मग मल्हाररावांची खबरच यायची थांबली. जगदेवराव इथल्या कचेरीत गेले, तर "नाव इंदूरकडे गेलं." इंदूरला गेले, तर "फौजेचं सगळं दिल्लीला." दिल्लीहून तर उत्तरच नाही. माणूस मेला असं कुणी म्हणेना, आहे असंही कुणी म्हणेना.

मल्हाररावांची बायको कुसुमताई. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी न्हाऊन ठसठशीत कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरलेल्या, आणि संध्याकाळी कीर्तनाला माझ्या शेजारी बसायची. बुवांनी सावित्रीचं आख्यान लावलं की उठून घरी जायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिला निदान यम दिसला तरी. मी कुणाशी भांडू?"

आणि अशात तिच्या धाकट्या जावेला, सुमनला, जुळे झाले. दोन्ही मुलगे. पहिला गुटगुटीत, आल्या आल्या घर डोक्यावर घेणारा. मागून आलेला मुठीएवढा, रडायचाही नाही, नुसता बघायचा.

आता आपल्यात समजूत काय? जुळ्यांत जो मागून येतो तो थोरला. आधी पोटात राहतो तो मागे राहतो, म्हणून. जगदेवरावांनी सुईणीला विचारलं, मागून कोण? तिने तो मुठीएवढा दाखवला. तर ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "मग हा थोरला. थोरल्याचं नाव थोरल्याला. मल्हार ठेवा."

आतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. कारण तुम्हाला ठाऊक आहे, घरातल्या जित्या माणसाचं नाव आपण बाळाला ठेवत नाही. आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव. एका घरात एका नावाचे दोघे झाले, की त्यातला एक राहतो असं म्हणतात. म्हणजे या नावाचा अर्थ एकच होता. मल्हारराव गेले, असं जगदेवरावांनी ठरवून टाकलं होतं.

धाकटे संभाजीराव, म्हणजे जुळ्यांचे वडील, चाचरत म्हणाले, "आबासाहेब, थोडं थांबलं तर? दादाची काही खबर..."

"कुणाकडून येणार खबर? आमची पलटण राहिली नाही, सरकार राहिलं नाही. कुणाच्या दारात उभा राहू? निदान नाव तरी घरात राहू दे."

म्हातारा दुष्ट नव्हता हो. वाट बघून थकला होता. थकलेला माणूस एखाद्या दिवशी दार लावून घेतो, तसं.

बारशाच्या सकाळी मी पाळणा घेऊन गेले. त्यांच्याकडे एकच होता, दुसरा आमचा. कुसुमताई दोन्ही पाळण्यांना फुलं बांधत होती. मी म्हटलं, "मनिहारीण कुठाय? बांगड्या भरून होऊ देत, मग सवाष्णी बसतील." दर मंगलकार्याला आधी बांगड्या, हीच रीत. हजिऱ्याच्या वस्तीतली मनिहारीण बांगड्यांची टोपली घेऊन कधीच आली होती, पण ओसरीच्या टोकाला तिला बसवून ठेवलं होतं.

कुसुमताई फुलांवरची नजर न काढता म्हणाली, "मामंजींनी सांगितलंय. आधी बारसं, मग बांगड्या."

माझ्या हातातली पाळण्याची झालर तशीच राहिली. तुम्हाला उमगलं ना? बारसं झालं, की एक सवाष्ण कमी होणार होती. तिच्यासाठी बांगड्या भरायच्या नव्हत्या, म्हणून हा उलटा क्रम.

नाव ठेवायचा मान आत्याचा. मल्हाररावांची सख्खी बहीण शांताताई देवासहून आली होती. पहिल्या बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं, तिने त्याच्या कानात कुर्र केलं, "यशवंत" म्हटलं, बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, हसणं झालं. मग दुसरा. कुसुमताईने पाळण्याखालून दिला, शांताताईने वरून घेतला. ओठ त्याच्या कानाशी नेले. आणि थांबली.

बाहेरून जगदेवराव खाकरले.

शांताताईच्या डोळ्यांतून पाणी बाळाच्या कुंचीवर पडायला लागलं. "माझ्या तोंडून नाही निघत," म्हणाली. "माझ्या भावाला मी कसं..."

मंदाताई म्हणून कुसुमताईच्या एक चुलत सासूबाई होत्या, जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "अगं, मुहूर्त चाललाय! बिननावाचं पोर पाळण्यात ठेवू नका, आधीच पाप्याचं पितर ते."

हे ऐकून सुमन रडायला लागली. "कुणीतरी काहीतरी नाव ठेवा हो. माझं बाळ..."

कुसुमताईने तिच्याकडे पाहिलं. मग शांताताईला म्हणाली, "वन्सं, सरा."

"अगं, काकूने नाव ठेवायचं नसतं!" मंदाताई ओरडल्या.

"आत्याबाईंचा घसा बसलाय. मी ठेवते."

आता सगळ्या बायका बघायला लागल्या. नवऱ्याचं नाव बाई तोंडाने घेत नाही. घेतलं, तर ती विधवा झाली म्हणायचं, का वेडी झाली म्हणायचं? पण नवरा जिवंत असलेली बाई नाव घेते की! उखाण्यात घेते. कुसुमताईने पदर नीट केला, बाळाच्या कानाशी वाकली, आणि बाहेर ओसरीवर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"सलामीच्या तोफा थांबल्या, धूर अजून विरत नाही,
मल्हाररावांचं नाव घेते, वाट माझी सरत नाही."

बघा काय केलं तिने! बाळाला नावही मिळालं, आणि चार सवाष्णींसमोर आपला नवरा जिवंत असल्याचं तिने सांगूनही टाकलं. कुणी तिच्या पाठीत गुद्दा घातला नाही. ती तशीच उठली, ओसरीच्या टोकाला गेली आणि मनिहारिणीपुढे हात केला. "हिरव्या भर."

मनिहारिणीने एकदा जगदेवरावांकडे पाहिलं. ते उठून चपला घालत होते. म्हणाली, "हाथ ढीला छोड़ो, बहूरानी, इतना कसोगी तो टूट जाएँगी।"

बांगड्या भरून झाल्या तशा मंदाताई पानाला चुना लावत म्हणाल्या, "झालं. आता एका घरात दोन मल्हार. बघायचं, कोणता राहतो ते."

एवढंच बोलल्या. पण ते बोलणं त्या घरात वस्तीलाच राहिलं.

यशवंताला सगळे यशवंत म्हणायचे. दुसऱ्याला कुणी हाक मारेना. कुसुमताई तर मारूच शकत नव्हती, आणि सुमन मारायची नाही. यशवंत पालथा पडू लागला, रांगू लागला. हा तसाच, नुसता बघायचा. आणि घरातल्यांना एक वाईट खोड लागली. बाळ दूध प्यायलं, हसलं, की जगदेवरावांचा चेहरा काळवंडायचा. बाळ कण्हलं, की सगळ्यांची नजर कुसुमताईच्या कुंकवाकडे जायची.

एक दिवस दुपारी मी ताक द्यायला गेले होते. कुसुमताई पाळण्याशी उभी राहून बाळाकडे बघत होती. सुमन स्वयंपाकघरातून आली ती जागीच थांबली.

"काय बघताय, ताई?"

"तोंडवळा. कपाळ अगदी यांचंच आहे."

सुमनने बाळाला उचललं, आत गेली आणि कडी लावली. कुसुमताई त्या बंद दाराकडे बघत राहिली. मला म्हणाली, "तिला वाटतं मी दृष्ट लावते. खरं सांगू? मलाही माझी भीती वाटते. परवा याला खोकला झाला, आणि माझ्या मनात काय आलं ते मी देवालासुद्धा सांगितलं नाही."

मी तिला बुवांकडे नेलं. बुवा म्हणाले, "बाई, देव असला हिशेब ठेवत नाही. हा माणसांनी मांडलेला डाव आहे, उधळून टाक." ती म्हणाली, "मग मला तो मांडलेला दिसतो कसा?"

पौषात ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते. बाळाला ताप भरला, छाती वाजू लागली. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले, जाताना मान हलवली. सुमन बाळाला छातीशी धरून खोलीत बसलेली, कुसुमताई उंबऱ्याबाहेर. आत यायची मनाई नव्हती, पण ती गेली नव्हती.

आणि त्याच दुपारी दारात पांडुरंगराव उभे राहिले. मल्हाररावांच्या पलटणीतले. पागोटं काढून ओसरीवर बसले आणि म्हणाले, "जमादारसाहेब, पक्की खबर नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना. झाशीच्या इस्पितळात एक आपला माणूस आहे म्हणतात. बोलत नाही, पण ग्वाल्हेर म्हटलं की डोळे उघडतो. माझ्या भाच्याने पाहिला. त्याला वाटलं, मल्हाररावच."

मी कुसुमताईकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसले, पण तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. आणि त्याच क्षणी आतून सुमन किंचाळली, "बाळ श्वास घेत नाहीये! अहो, बघा ना!"

जगदेवराव, संभाजीराव, मी, सगळ्यांच्या मनात एकच आलं, आणि एकमेकांच्या डोळ्यांत ते दिसलं. तिकडे एक डोळे उघडतोय. इकडे एक मिटतोय.

"ताई," सुमन दारात आली. बाळ हातांवर निळं पडलेलं. "ताई, तुमच्या पाया पडते."

काय मागत होती ती? मागणं तिलाही बोलता आलं नसतं. पण कुसुमताईला कळलं. ती खाली बसली, दोन्ही मनगटं दगडी उंबऱ्यावर आपटली. एकदा, दोनदा. हिरवा चुरा सगळीकडे उडाला. पदराने कपाळ पुसलं. मग सुमनच्या हातातून बाळ घेतलं, रक्ताळलेल्या हातांनी पालथं धरून त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागली आणि उखाणा नाही, आडपडदा नाही, सरळ हाक मारली,

"मल्हार! अरे मल्हार, ऊठ! ऊठ, बाळा!"

घशात अडकलेला कफ बाहेर पडला. आणि जन्मल्यापासून कधी धड न रडलेलं ते पोर असं रडलं, की रस्त्यावरची माणसं थांबली.

जगदेवराव त्याच संध्याकाळच्या गाडीने झाशीला गेले. परत आले ते दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. आत आले नाहीत. अंगणातच उभे राहिले आणि अंघोळीचं पाणी बाहेर मागितलं, मातीहून आलेला माणूस मागतो तसं.

पाण्याची घागर कुसुमताईनेच नेली, रित्या हातांनी. खाली ठेवली आणि विचारलं, "कधी?"

म्हातारा तिच्याकडे बघू शकला नाही. "नको विचारूस, पोरी."

तिने पुन्हा विचारलं नाही. आयुष्यभर नाही. तिने बांगड्या फोडल्या त्याच्या आधी मल्हारराव गेले होते, का नंतर, हे जगदेवरावांबरोबरच गेलं.

दोन्ही पोरं वाढली. मल्हार उंच झाला, कपाळ तेच. तो तिलाच आई म्हणायचा, सुमनला काकी. सुमनने कधी हरकत घेतली नाही. आणि कुसुमताई त्याला दिवसातून शंभरदा हाक मारायची. पण हाक मारली, की एक क्षण दाराकडे बघायची. कोण येतंय ते. मल्हार आतल्या खोलीतून आला, तरी.

ते बघा, बुवा आलेच. चिपळ्या वाजल्या. एवढंच मागते तुमच्याकडे. तुमच्या घरी बारसं असेल, हळदीकुंकू असेल, तेव्हा सवाष्णींना लावून झालं की एक बोट कुंकू उंबऱ्याला लावा. तिला कुणी ते परत लावलं नाही, म्हणून. तिचं नाव कुसुम होतं, एवढं मनात म्हणा.