गिरेडरच्या घरचे लाईट

"हा पिवळा हाय," आश्रुबा म्हणाला.

शिडीवर उभ्या लखननं खाली पाहिलं. बैठकीच्या नव्या पीओपीत त्यानं पहिला लाईट नुकताच बसवला होता आणि केशरबाईला बटण दाबायला सांगितलं होतं. उजेड पडला तशी ती हरखून गेली होती. तिच्या नवऱ्याचं, आश्रुबाचं, तोंड मात्र आंबट झालं.

"काका, पांढराच हाय. तुमीच तर दुकानात निवडला."

"मी निवडला तो पांढरा व्हता. हा तो न्हाई."

आश्रुबानं डावा डोळा मिटला, मान तिरकी केली आणि उजव्या डोळ्यानं लाईटकडे बघितलं. सिरसाळ्याच्या जिनिंगवर तो आयुष्यभर असाच उभा राहत आला होता. शेतकऱ्यानं गाडीतून कापसाचा पुंजका उपसून द्यावा, यानं तो उजव्या डोळ्याजवळ धरावा आणि एकच शब्द बोलावा, पांढरा नाहीतर पिवळा. त्या शब्दावर भाव ठरायचा. गावात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून गिरेडर म्हणत. गाडीत वर चांगला कापूस आणि तळाला किडका, कवडी झालेला कापूस भरणारे, वजनासाठी पाणी मारणारे, असे कितीतरी त्यानं पकडले होते. अशी नोकरी करणाऱ्या माणसाचा जगावर विश्वास कसा बसावा? घरात दूध आलं तरी तो आधी बोट बुडवून बघायचा.

लखनवर संशय घ्यायला तर कारणही होतं. लखन हा सटवाचा पोरगा. मेंढरं राखून कोरडवाहू तुकड्यात कापूस लावणारा सटवा कधी कुणाला उलटून बोलणारा नव्हता. पण महिन्यापूर्वी आश्रुबानं त्याचा कापूस पिवळा ठरवला, तेव्हा तो सगळ्यांपुढं म्हणाला होता, "ह्या कापसाला पावसाचा थेंब लागला न्हाई, गिरेडर. तुमी नीट बघितलं न्हाई." मग हातातला पुंजका त्यानं आश्रुबाच्या सदऱ्याच्या खिशात कोंबला, "घरी जाऊन बघा," म्हणाला आणि पडत्या भावात माल टाकून निघून गेला.

पीओपीचे लाईट बसवणारा दुसरा कुणी मोकळा नव्हता, म्हणून लखनला बोलवावं लागलं. तो लगेच हो म्हणाला तेव्हाच आश्रुबाच्या मनात पाल चुकचुकली होती.

लखन खाली उतरला आणि त्यानं खोका पुढं केला. "ह्याच्यावर लिव्हलेलं तरी बघा."

"खोका पांढऱ्याचा आन् आत पिवळा. वर चांगला, तळाला कवडी. तुमच्या घरची रीतच हाय ती."

लखनचा चेहरा उतरला. "मला काय बी म्हणा काका. बापाचं नका काढू."

"कावून? सूड घ्यायलाच आलास ना तू?"

"अवो, मला तर पांढराशुभ्र दिसतोय," केशरबाई मध्ये बोलली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला. सकाळपासून हिनं या पोराला दोनदा चहा दिला होता. म्हणजे हिलाही त्यानं फितवली असणार.

दुसरा खोका आश्रुबानं स्वतः फोडला. "हा बसव. माझ्या डोळ्यापुढं."

लखननं शिडी पुढं सरकवली आणि छताला भोक पाडायला घेतलं. आश्रुबा पठ्ठ्या तोंड वर करून अगदी शिडीखाली उभा राहिला, न जाणो वरच्या वर अदलाबदल केली तर!

"बाजूला व्हा काका, भुकटी पडंल."

"तू तुझं काम कर."

व्हायचं तेच झालं. भुकटी थेट उजव्या डोळ्यात गेली. आश्रुबानं तो डोळा तळहातानं दाबून धरला. केशरबाई पाणी आणायला धावली. तेवढ्यात त्याचा उघडा डावा डोळा वरच्या लाईटकडे गेला.

लाईट पांढरा होता.

त्यानं डोळा धुतला, पुसला. मग डावा झाकून उजव्यानं बघितलं. पिवळा. उजवा झाकून डाव्यानं बघितलं. पांढरा. भुकटीनं असेल म्हणून पुन्हा धुतला, पुन्हा बघितलं. तेच. दुकानात तो गिऱ्हाईक होता, चारचौघांसारखा दोन्ही डोळ्यांनी बघत होता. घरी आल्यावर पारखायला म्हणून त्यानं सवयीनं डावा मिटला होता.

तो बाजेवर टेकला. त्याला भीती वाटली. दिवाळीपासून तो जिनिंगवर सांगत होता, औंदा पिवळा माल लई येतोय, लोक लई बेइमान झालेत.

"सटवानं खिशात घातलेला कापूस कुठंय?" त्यानं विचारलं.

"सदरा धुताना घावला. वाती केल्या मी त्याच्या."

"पिवळ्या कापसाच्या?"

"देवाला पिवळा कापूस लावीन का मी?" असं म्हणत केशरबाईनं देव्हाऱ्यातली एक वात आणून त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं ती लाईटखाली धरली आणि डाव्या डोळ्यानं बघितली. बराच वेळ बघितली.

"लाईट बदलून आणू का काका?" लखननं वरून विचारलं.

"नगं. पांढरेच हायती." मग वातीवरची नजर न काढता तो म्हणाला, "तुझ्या बापाचा कापूसबी पांढरा व्हता."

लखन खाली उतरला. "हे बापाला सांगा," एवढंच म्हणाला आणि भुकटी झाडू लागला.

दिवस कलताना आश्रुबा सटवाच्या वाडग्यावर गेला. सटवा मेंढरं कोंडत होता. आश्रुबानं वात पुढं केली. "चुकलो सटवा. माझा उजवा डोळा गेलाय. तुझा माल पांढरा व्हता."

सटवानं वात घेतली नाही. "माझ्या एकट्याचाच का?"

आश्रुबानं वात मुठीत मिटली.

"तुमी पिवळा म्हणलात ते जिनिंगवर, लोकांपुढं," सटवा म्हणाला. "पांढराबी तिथंच म्हणा." आणि त्यानं वाडग्याचं फाटक ओढून घेतलं.

सकाळी जिनिंगच्या आवारात पहिली गाडी लागली. शेतकऱ्यानं पुंजका उपसून पुढं धरला. आश्रुबाचा डावा डोळा सवयीनं मिटला, त्यानं तो उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सटवाचा कापूस पांढरा व्हता. मीच चुकलो. औंदा अजून कुणाकुणाचा चुकलो ते मलाबी ठावं न्हाई. मला दिसंना झालंय. दुसऱ्या माणसाला बोलवा."

शेतकऱ्यानं एकदा गिरेडरच्या तोंडाकडं आणि एकदा आपल्या गाडीकडं बघितलं. भाव पाडायचा हा काहीतरी नवा डाव असणार, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं पुंजका परत गाडीत टाकला आणि वरून ताडपत्री ओढून घेतली.