डॉक्टरला काही सांगायचं नाही

"कुठं दुखतं गं?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

बबडीनं बापाकडे पाहिलं. बाप भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होता.

"गुडघ्यात," आई म्हणाली. "पण डॉक्टर, ते सकाळी ना..."

"तू थांब गं," बाप म्हणाला. "ते आहेत ना बसलेले? बघू देत की."

डॉक्टरांनी गुडघा वाकवला, दाबला. जराशी सूज होती. पडली असेल, म्हणाले. एक्स-रे काढून आणा. समोर निघतो, तिथूनच काढा.

'तिथूनच' हा शब्द बापानं बरोबर पकडला.

बायको जिन्यातच उखडली. "कुलूप लागतं का हो तुमच्या तोंडाला? पोर सकाळी लाकडासारखी उठते. शर्टाचं बटण लावता येत नाही तिला. ऊन वर आलं की मगच मोकळी होते. हे त्यांना कुणी सांगायचं, शेजाऱ्यांनी?"

"आपण सांगितलं की तेच आपल्याला परत सांगतात. खरा असेल तर स्वतः ओळखेल."

"आणि आणता तिला संध्याकाळी! तेव्हा ती सशासारखी पळते."

"मग दुकान कधी उघडू? तू उघडतेस?"

तो फ्रिज दुरुस्त करायचा, सगळे त्याला फ्रिजवालाच म्हणत. त्याच्या धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक म्हणालं, 'गॅस गेलाय वाटतं', की गॅस गेलेलाच असतो. मग आतली साधी वायर का सुटलेली असेना. हे त्यानं कितीदा तरी केलं होतं, आणि त्यापायी त्याची झोप कधी उडाली नव्हती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पण त्याला एकट्याला हसू नका. 'तिथूनच काढा' म्हणणारे काही त्याच्या स्वप्नातले नव्हते. भिंतीवर सेवेच्या पाट्या लावायच्या आणि टेबलाखालून कमिशनसाठी हात पसरायचा, असे हरामखोर मुबलक आहेत. त्यांनी पेरलेला संशय चांगल्या डॉक्टरच्या दारातही उगवतो, आणि तो कापावा लागतो पोरांना.

घरी जाताना स्कूटरवर त्यानं पुढे उभ्या पोरीला पढवलं. "बबडे, डॉक्टरनं विचारलं की काय म्हणायचं?"

"काही नाही होत."

"शाब्बास!"

दुसरा डॉक्टर म्हणाला, वाढीचं दुखणं आहे, जाईल. तिसऱ्यानं शिरांवरच्या गोळ्या दिल्या. दोघांकडेही तो संध्याकाळीच गेला, दोघांपुढेही गप्प बसला. बाहेर येऊन म्हणायचा, "नापास! एकालाही कळलं नाही." तो जिंकत होता आणि पोरीची बोटं सुजत होती.

शेवटी एका सकाळी बायकोनं त्याला विचारलंच नाही. बबडीला अंथरुणातून उचललं, तशीच रिक्षात घातली. शाळेतल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं, मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या सांध्यांच्या वेगळ्या डॉक्टरीणबाई असतात. फ्रिजवाला मागून स्कूटरवर धावला. ही बाई तरी कुणाची माणूस आहे, ते बघायला.

डॉक्टरीणबाईंनी आधी काहीच तपासलं नाही. आईच्या कडेवरून उतरताना पोरीचे गुडघे कसे आखडले, ते नुसतं पाहिलं.

"रोज सकाळी असं होतं का गं?"

बबडीनं बापाकडे पाहिलं. "काही नाही होत."

बाईंनीही बापाकडे पाहिलं. बायकोनं पाहिलं. खोलीत बघायला दुसरं कुणी नव्हतं.

"होतं," तो म्हणाला. "रोज होतं. बोटांचंही."

"कधीपासून?"

"शाळा सुरू झाली तेव्हापासून."

"आता शाळा संपत आली. कुणालाच सांगितलं नाहीत?"

बाईंनी बबडीची सुजलेली बोटं एकेक वाकवून पाहिली.

"हा संधिवात आहे असं वाटतंय. मुलांनाही होतो. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, आणि कधी कधी डोळ्यांवरही. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. आतल्या आत बिघडतो. रक्त नंतर बघू, आधी डोळे दाखवा. वरच्या मजल्यावर दाखवता येतील."

"वरच का?" सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"वर नको तर कुठंही जा. तुमच्या विश्वासाच्या माणसाकडे जा. पण आजच जा."

विश्वासाचा माणूस त्याच्याकडे एकही नव्हता. तो निमूट जिना चढला.

वर अंधाऱ्या खोलीत समोर उजळलेली चित्रं होती. डावा डोळा झाकून बबडीनं पटापट सांगितलं : घर, छत्री, मासा. मग डोळे तपासणारा म्हणाला, "आता दुसरा झाक."

तिनं उजवा झाकला आणि गप्प बसली.

फ्रिजवाला तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "बबडे, आता सांगायचं हं. सगळं खरं सांगायचं. बाबा रागावणार नाहीत."

"सांगतेय ना," ती म्हणाली. "पांढरं आहे नुसतं."

आणि बाबा रागावले की काय, ते बघायला तिनं उजव्या डोळ्यावरचा हात काढला.