पांढरं पडलेलं टेबल

व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर पॉलिशवाल्याला पहिलं मोठं काम मिळालं ते एका डॉक्टरीणबाईंच्या जेवणाच्या टेबलाचं. आता धंदाच असला, की लाखेचं पॉलिश पातळ करायचं ते स्पिरिटनं. ज्याच्यापासून पळायचं त्याच्यातच फडकं बुडवायचं! आणि ह्या पठ्ठ्यानं शेवटी शेवटी तेही विष तोंडाला लावलं होतं. म्हणून बाटली आईच्या ताब्यात असायची. तो मागायचा, श्वास रोखून, तोंड फिरवून थोडं ओतायचा आणि लगेच परत करायचा.

त्या सकाळी शेवटचा हात फिरवला आणि टेबलभर पांढरट ढग उमटले. पॉलिशमध्ये पाणी गेलं की असंच होतं. संध्याकाळी बाई टेबल न्यायला येणार होत्या. त्यानं भीतभीत बाटली नाकाशी नेली. वासच नाही.

"आई, ह्यात पाणी कुणी भरलं?"

"मीच," दारातून आई म्हणाली. "डोळ्याला डोळा लागत नव्हता रे. खरं कपाटात ठेवलंय, माझ्या कपड्यांखाली."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ह्या माउलीनं ताकाच्या जागी थेट पाणीच ठेवलं होतं! पूर्वी त्यानं आदळआपट केली असती आणि तडक गुत्ता गाठला असता. आज त्याला हसू आलं.

"घेऊन ये ते. हे ढग त्यानंच जातात."

तिनं बाटली आणून दिली. "मी जाऊ बाहेर?"

"नको. इथेच बस. मला भीती वाटतेय."

हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदा बोलला होता. झाकण उघडलं. वास थेट डोक्यात गेला.

"प्यावंसं वाटतंय, आई."

आईचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं फडकं जेमतेम ओलं केलं आणि हलकेच फिरवलं.

ढग विरले. खालून लाकूड वर आलं: तांबूस रेषा, दगडाला वळसा घालून पाणी जावं तशा एका गाठीभोवतून वाहत गेलेल्या. तो बघतच राहिला. उभा जन्म लाकडं चकाकवण्यात गेला, पण डोळे कायम तारेत. एवढं कधी दिसलंच नव्हतं. तहान गेली नव्हती, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी समोर होतं आणि ते त्याच्याच हाताखालून निघालं होतं. त्याचे डोळे भरून आले.

"अगं बाई," आई पुटपुटली, "हे सगळं आत होतं?"

तिनं एकदा टेबलावरून बोटं फिरवली. मग झाकण घट्ट लावलं आणि बाटली त्याच्या फळीवर ठेवली. "राहू दे इथेच. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

त्यानं बाटली उचलली आणि परत तिच्या हातात दिली.

"विश्वास इथे ठेव, आई. बाटली घेऊन जा. आणि उद्या मागेन तेव्हा खरीच दे."