आवाज गेलेला लॅपटॉप

बावड्याच्या दादासाहेबांचं पत्र येऊन तीन दिवाळ्या उलटल्या, तरी सावळारामतात्यांनी उत्तर काही धाडलं नव्हतं. अक्षर नातीचं, सृष्टीचं होतं, बोलणं दादासाहेबांचंच. "मेंढरांमागं फिरताना आमी बोलायचो ते शब्द तुमी मशिनीत लिवून घेतलं. आता धाडा. माजं डोळं गेलं, पर कान हायेत. सृष्टी वाचंल, चुकलं तितं मी सांगंन."

तीच तर भीती होती. इंदापूरच्या कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस, आणि त्याच्या चुका निघायच्या त्या नातीसमोर. पुन्हा एकदा तपासू, मग पाठवू, असं तात्या म्हणत राहिले. निमित्तही हाताशी होतं. लॅपटॉप वीस वर्षांचा म्हातारा. उघडायलाच अर्धी सकाळ खायचा. आतली डिस्क करकरायची, ती गप्प होईतो कळ दाबायची नाही, हे तात्यांच्या अंगवळणी पडलेलं.

यंदा त्या करकरीत खडखड मिसळली. शब्दच जायचे, या धास्तीनं तात्या एसटी धरून बारामतीला मोनाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले.

"तात्या, ह्येला आता पेन्शन द्या," मोना म्हणाली. "नवा घ्या की."

"नव्यात माझे शब्द दिसत नाहीत गं."

तिनं फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली. जुन्या फॉन्टातलं मराठी कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तसं दिसत होतं.

"मग ह्येच्याच पोटात नवं घालू."

जुन्या डिस्कवरचं सगळं तिनं बोटाएवढ्या चिपवर उतरवलं आणि डिस्कच्या जागी ती चिप बसवली. खालचं झाकण काढून वायफायचं कार्ड लावलं, त्याच्या बारीक तारा स्क्रीनच्या मागनं फिरवून चिकटवल्या. "आता हितल्या हितं माझ्या प्रिंटरला लागंल, शब्द कागदावर निघत्याल," म्हणत तिनं बटण दाबलं आणि गिऱ्हाइकाकडं वळली.

तात्या गुडघ्यांवर हात ठेवून बसले. गिऱ्हाईक गेलं, चहा आला, निवला. तात्या तसेच.

"तात्या, कशाची वाट बघताय?"

"सुरू व्हायची. आवाज कुठं आला अजून?"

"आवाज करणारं काढून ठिवलं की. कवाचं तयार हाय ते."

तात्या ओशाळून हसले. त्यांनी फाईल उघडली. 'वाघर' या शब्दावर डोळा अडला. पुढं लिहिलं होतं, शिकारीचं जाळं. हे पुस्तकातलं. दादासाहेब तर मेंढरं कोंडायच्या जाळ्याबद्दल सांगत होते. की तेही आपणच चुकीचं ऐकलं?

"राहू दे. दादासाहेबांचे शब्द आहेत, त्यांना पाठवायच्या आधी घरी नेऊन एकदा नजर घालतो," तात्या म्हणाले.

"घाला. पर शब्द त्यांचं, न्हवं? मग तुमी कुणाला इचारून तपासणार?"

घरातली पुस्तकांची सगळी कपाटं तात्यांनी मनातल्या मनात धुंडाळली. हे सांगणारा माणूस एकच होता, आणि तो बावड्यात बसला होता.

"कागद आहे ना प्रिंटरला?"

"व्हय. दाबा तुमीच."

कागद एकामागून एक आले. अक्षर न् अक्षर शाबूत. वर जोडायला तात्यांनी तिथंच चार ओळी लिहिल्या: "दादासाहेब, उशीर झाला. वाघरीपासून सुरुवात करा, तिथं मला खात्री नाही. पुढंही बरंच चुकलं असेल. सृष्टीला म्हणावं, हसू आलं तर हसावं."

पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकल्यावरही तात्यांचा हात फटीपाशीच घुटमळला. दोन बोटं आत घालून बघितली. पाकीट लागलं नाही. खाली गेलं होतं.