मे महिन्याचा नंबर

नईम आणि किशोर कशावरून भांडतात हे कळलं की लोक हसायचे. शेताच्या धुऱ्यावरून नाही, पोरीवरून नाही, राजकारणावरून तर मुळीच नाही. भांडण ग्राफिक्स कार्डावरून! कंप्युटरच्या पोटात बसून गेमचं चित्र रंगवणारा, तीन पंख्यांचा, विटेहून लांब असा तो डबा. बाजारात तालेवार कार्डं दोनच, दोन वैरी कंपन्यांची. एकाचा खोका काळा, दुसऱ्याचा पांढरा. अकोल्याच्या किशोरनं काळं घेतलं, अमरावतीच्या नईमनं पांढरं, आणि दोघांनी दोन वर्षं एकमेकांचं डोकं खाल्लं.

छत्तिशी गाठलेले बाप्ये होते हो दोघं, पोरं नव्हेत. किशोरचं जठारपेठेत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, नईम पॉलिटेक्निकात लॅब असिस्टंट. कॉलेजात एका बाकावर बसलेले, एका डब्यातली भाजी खाल्लेले. हौसमौज मारून मारून एकेकानं ते कार्ड घेतलं होतं, आणि माणूस जीव मारून जे घेतो त्याला कोणी नाव ठेवलेलं त्याला खपत नाही. याहून मोठं कारण त्या भांडणाला नव्हतं.

त्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता, ‘वऱ्हाडी फ्रेम’. एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं उमटतात ते म्हणजे फ्रेम. आकडा जितका मोठा तितका गेम लोण्यासारखा चालतो. बुलढाण्यापासून धारणीपर्यंतचे हजारभर शौकीन त्या ग्रुपवर होते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं कुस्ती लागायची. गेम एकच, त्यातला टप्पा एकच, वेळ दुपारी दोनची. तीनदा चालवायचं, सरासरी काढायची आणि पडद्याशेजारी थर्मामीटर ठेवून फोटो टाकायचा.

तो थर्मामीटर काहून, तर कार्ड तापलं की मंदावतं. जानेवारीत दोन्ही कार्डं सारखीच, एकशे अठरा आणि एकशे सतरा. खरी परीक्षा मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर चढला की. पुण्यातले लोक एसीत बसून आकडे टाकतात, त्याचा वऱ्हाडातल्या माणसाला काय उपयोग? म्हणून नईमनंच नियम घातला होता : कूलर चालेल, एसी चालणार नाही. कूलर कोणाच्या घरी नाही? लोखंडी पत्र्याचा, तिन्ही बाजूंनी गवताच्या ताट्या लावलेला, दिवसभर पाणी पिऊन घरघरणारा कूलर इकडे घरातल्या माणसात धरतात. त्याला कोण बेइमानी म्हणेल? एसी लावला तर मात्र नंबर बाद, आणि वर ग्रुपभर थू थू.

यंदा एप्रिलमध्ये नईमच्या घरी एसी आला. अम्मीच्या दम्यासाठी आला, तिच्या खोलीत लागला. ग्रुपवर त्यानं ही गोष्ट काढली नाही. त्यात लपवण्यासारखं अजून काही नव्हतं.

मे महिन्यातला पहिला रविवार उजाडला. सकाळी अकरालाच नईमनं एकदा चालवून पाहिलं. अठ्ठ्याऐंशी! धूळ फुंकली, पंखे वाढवले, पुन्हा चालवलं. पुन्हा अठ्ठ्याऐंशी. गेल्या मे महिन्यात चांगलं पळालेलं पांढरं कार्ड यंदाच्या गरमीत असं बसकण मारेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गेली दोन वर्षं तो ग्रुपवर छाती ठोकून सांगत होता, उन्हाळ्यात पांढरंच घ्या, काळं तापते. त्याच्या शब्दावर किती जणांनी घेतलं होतं! आता दोन वाजता किशोर आकडा टाकणार आणि हजार लोकांसमोर आपलं नाक कापलं जाणार. नईमला ते सहन होईना.

अम्मी शेजारी गेली होती. त्यानं कंप्युटर उचलला आणि तिच्या खोलीत नेला. दार लावलं, एसी अठरावर केला. थर्मामीटर गच्चीवर उन्हात ठेवला, चांगला तापू दिला, आणि आणल्या आणल्या पडद्याशेजारी टेकवून फोटो काढला. पारा त्रेचाळीस, फ्रेम एकशे बारा.

त्याची बायको अनीसा दारात उभी होती. “आज एसी में? तुम्हारा तो रूल था ना?” तिनं विचारलं.

“मजाक है, एक दिन का,” तो म्हणाला आणि फोटो टाकून दिला.

ग्रुपवर नुसता धुमाकूळ. वाहवा, टाळ्या, पांढऱ्याचा विजय असो. नईमला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. उलट बरं वाटलं, आणि तेच पुढं त्याच्या मानेवर बसलं.

दोन पंचविसाला किशोरचा फोन आला.

“काहून बे नईम, एकशे बारा? त्रेचाळीसमंदी?”

“कार्डात दम लागते लेका.”

“माह्ये सत्त्याण्णवच्या वर जाऊनच नाही राहिले. तीनदा पाह्यलं. कुठं चुकून राहिलं माह्यं?”

काळं कार्ड सत्त्याण्णव. म्हणजे ते सरळ सरळ जिंकलं होतं. नईमला हे त्याच क्षणी कळलं. ‘गंमत केली रे, एसी आहे माह्याकडं’ एवढं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. किशोरनं दोन शिव्या दिल्या असत्या, चार दिवस हसला असता, संपलं असतं. पण पडद्यावर टाळ्या अजून येतच होत्या.

“हवा पोचत नसन तुह्यावाल्याले,” नईम म्हणाला. “कॅबिनेटचं बाजूचं झाकण, तो पल्ला काढ अन् कूलर पार जवळ ओढ. मंग पाय.”

“पायतो. एक डाव पायतो,” किशोर म्हणाला आणि फोन ठेवला. नईमशी त्याचं तेच शेवटचं बोलणं.

साडेतीनला किशोरच्या बायकोच्या, सीमावहिनींच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होता शेजारचा कोणी देवमन म्हणून माणूस. किशोरभाऊला कूलरचा करंट लागला, तो म्हणाला. दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. अनवाणी होता, फरशी ओली होती, चालू कूलरला दोन्ही हातांनी धरून ओढायला गेला. टेस्ट चालू आहे, कोणी येऊ नका, असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पंचवीस मिनिटं खोलीत कोणी डोकावलंच नाही. चहाला बोलवायला वहिनी गेल्या तेव्हा तो कूलरला टेकून बसल्यासारखा दिसत होता.

नईम संध्याकाळी अकोल्याला पोचला, स्मशानात सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि कोणाच्या डोळ्याला डोळा न देता परत आला. तेरवीला गेला नाही. ताप आला म्हणून कळवलं. कसला ताप आणि कसलं काय, धादांत खोटं. एका खोट्याला दुसरं चिकटलं की माणूस असाच तोंड लपवत फिरतो.

ग्रुपवर लोकांनी किशोरच्या फोटोला हार घातले होते. त्याच्या वर, ठळक अक्षरांत, मे महिन्याचा निकाल तसाच होता : पहिला नंबर, पांढरं, एकशे बारा. तो काढायला बोट पुढं गेलं की नईमला वाटायचं, लोक विचारतील काहून काढला. आणि तो तसाच राहायचा.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सीमावहिनींचा फोन आला.

“नईमभाऊ, ताप उतरला का?” त्यांनी आधी हे विचारलं, आणि नईमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, “ह्यांचं ते कंप्युटरचं मशीन घेऊन जा तुमी. मले त्या खोलीत जाववत नाही. अन् बाबांले समजावून सांगा जरा. तेरा दिवस झाले, अन्नाले शिवून नाही राहिले. चहावर आहेत.”

“काहून?”

“कूलरचा प्लग त्यांनी बदलला होता. तीन पिनचा त्या बोर्डात बसे ना, म्हनून त्याच सकाळी दोन पिनचा लावून देल्ला. ह्यांनीच सांगतलं होतं, बाबा पाच मिनिटात लावून द्या. अर्थिंग तुटली म्हनतात त्यानं. म्हने, मी मारलं माह्या पोराले.”

आत्तापर्यंत नईमला फक्त स्वतःची भीती होती, की कळलं तर काय होईल. आता त्याच्या वाटणीचं ओझं एक म्हातारा माणूस एकट्यानं उचलत होता, उपाशी पोटी. अनीसानं सगळं ऐकलं होतं. “अब भी नहीं बोलोगे तो कब?” एवढंच ती म्हणाली आणि त्याचे कपडे काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो मूर्तिजापूरमार्गे एसटीनं अकोल्याला गेला. ऊन असं की खिडकीच्या दांडीला हात लावण्याची सोय नव्हती. जठारपेठेतलं किशोरचं दुकान बंद होतं. मागच्या घरात सीमावहिनींनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि खोलीकडं बोट केलं. कूलर तिथं नव्हता. फरशीवर त्याच्या पायांचे गंजाचे चार डाग होते.

नईमनं मशीन चालू केलं. खरं तर वायरी काढून, गाठोडं बांधून निघायचं होतं. पण हात आपोआप त्या टेस्टच्या यादीवर गेला. सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. त्याखाली पल्ला काढून, नव्व्याण्णव. आणि सगळ्यात खाली शेवटची, दुपारी दोन सत्तेचाळीसची. एकशे तीन. किशोरनं ती सुरू केली, कूलर आणखी जवळ घ्यायला उठला आणि पुन्हा बसला नाही. कंप्युटरला त्याचं काय? त्यानं आपला टप्पा पुरा केला, आकडा लिहिला आणि पुढच्या हुकमाची वाट पाहत राहिला. एकशे तीन! इमानदारीत आलेला, कूलरच्या हवेवरचा. नईमच्या अठ्ठ्याऐंशीहून पंधरानं वर.

त्याला तिथंच हुंदका फुटला. वहिनी दारात आल्या.

“तुमचा आकडा आल्यापासून एकच चाललं होतं त्यांचं,” त्या म्हणाल्या. “मी म्हनलं, असन त्याच्या आकड्यात काई घोळ, जेवून घ्या. तं माह्यावरच खेकसले. म्हने नईम खोटं नाही बोलत, माह्यंच कुठंतरी चुकून राहिलं.”

“वहिनी, मी खोटं बोललो,” नईम म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. अम्मीच्या खोलीतला एसी, गच्चीवर तापवलेला थर्मामीटर, फोनवर दिलेला सल्ला. फ्रेम म्हणजे काय हे वहिनींना कधी कळलं नव्हतं, पण हे कळलं. पदर तोंडाशी धरून वहिनींनी भिंतीचा आधार घेतला.

“अडीचले फोन झाला न तुमचा त्यांच्याशी?”

“हाव.”

“तवा तरी सांगाचं होतं.” मग पदर सोडून त्या म्हणाल्या, “बाबांले तुमीच सांगा. मी नाही सांगनार.”

मधल्या खोलीत किशोरचे वडील भगवंतराव खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. एसटीच्या डेपोत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक बटन त्यांच्या हातचं. उशाशी पोळीचं ताट झाकून ठेवलेलं होतं, आणि ते सकाळचं होतं.

“काका, मी नईम.”

“बस,” ते वळले नाहीत.

नईम बोलला. एकदा सुरुवात झाल्यावर थांबला नाही. प्लगचं मनात घेऊ नका, माझ्यामुळं गेला तो, मी नसतो म्हणालो तर तो कूलरला हात लावताच ना. माझा आकडा खोटा होता काका. तो त्या खोट्या आकड्याच्या मागं धावला.

भगवंतराव सावकाश उठून बसले. गाल आत गेलेले, दाढी पांढरी वाढलेली. नईमला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी हात वर केला तो त्याला गप्प करायला.

“प्लग मीच लावला होता,” ते म्हणाले. “ते तू घेऊ नको. तुह्यं जे आहे ते तू सांभाय.”

नईमनं मान खाली घातली. माफी मागायला आला होता, आणि कोणाची मागायची तेच आता कळेना. बाहेर कोणाच्या तरी घरचा कूलर घरघरत होता.

“तुह्या त्या यंत्राचा खरा आकडा किती होता?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“अठ्ठ्याऐंशी.”

“अन् त्याचा?”

“एकशे तीन.”

“म्हंजे जिंकला तो?”

“हाव काका. तोच जिंकला.”

भगवंतरावांनी खाटेची दांडी घट्ट धरली. इतक्या दिवसांत त्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं.

“मंग त्याले कोन सांगन बाप्पा हे?” ते म्हणाले, आणि लहान लेकरासारखे रडायला लागले.