सहा ते सव्वासहा

"पेसा, इकडे ये! ही बाई प्रार्थना करत नाहीये!"

एसेता एवढ्या जोरात ओरडली की पेसामिनोच्या हातातला कोको शर्टावर सांडला. तो तसाच उठला. घड्याळात सहा वाजून सहा मिनिटं झाली होती.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकतीस चौकटी होत्या. एकेक चौकट म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांतल्या कुणाच्या तरी घरातला एकेक कॉम्प्युटर. माणसं आपापल्या घरी बसून ऑकलंडच्या एका विमा कंपनीचे अर्ज भरायची. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या छपरावर झाड पडलं, असले. आणि पेसामिनो इथे आपिया शहरातल्या ऑफिसात बसून ती माणसं काय करतात ते बघायचा. कोण किती टाइप करतंय, कोण मधेच मासे पकडायच्या गळांच्या जाहिराती बघतंय, सगळं. पाच मिनिटं कुणाचं बोट हललं नाही की त्याची चौकट लाल. तीनदा लाल झालं की समज. तीनदा समज मिळाली की कायमचं घरी. घरी तर ती होतीच म्हणा, पण मग पगाराशिवाय.

रोज संध्याकाळी सहाला सगळ्या चौकटी पाठोपाठ थांबायच्या. गावागावात शंख वाजायचा, माणसं हातातलं टाकून घरात मांडी घालून बसायची, स्तोत्र म्हणायची. ही संध्याकाळची प्रार्थना, 'सा', सुरू झाली की रस्त्यावरून कुत्रंसुद्धा जरा दबकून चालतं. टाइप करणं तर लांबच.

आजही तीस चौकटी लाल होत्या. एकोणीस नंबरची मात्र हिरवीगार.

"बघ, बघ," एसेता म्हणाली. "बाण कसा फिरतोय. डावीकडे जातो, जरा थांबतो, मग उजवीकडे. जरा थांबतो, परत डावीकडे."

पेसामिनोने दोनदा बघितलं आणि त्याला असं हसू फुटलं की कपातला उरलेला कोकोही गेला.

"पंखा!" तो म्हणाला. "अगं, मान फिरवणारा टेबलफॅन! बाईने माऊस दोरीने पंख्याला बांधलाय आणि स्वतः गेली प्रार्थनेला. काय डोकं आहे! मला का नाही सुचलं हे?"

"तुला सुचलं असतं तर तू पंख्याला आमची खुर्ची बांधली असतीस."

ते खरं होतं. पेसामिनोचा स्वभावच तसा. बावीस वर्षं तो टेलिफोन एक्स्चेंजला होता आणि अख्ख्या बेटाची भांडणं-लफडी कानाला लावून बसायचा. इथे आल्यावर त्याला कळलं की या यंत्रातून नुसतं बघता येतं असं नाही, दुसऱ्याचा बाणही आपल्याला हलवता येतो. पहिल्याच आठवड्यात त्याने आपल्या मेव्हण्याचा बाण असा काही पळवला की मेव्हण्याने घरातलं भूत झाडायला पाद्रीबुवांना बोलावलं.

"ही फुआतीनो ना?" एसेताने यादी काढली. "सिउमू गावची. सात आठवडे झाले कामाला लागून. दुपारी पेंगल्याच्या दोन समज मिळाल्यात. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला होता, शिडीवरून पडून परत आला. घरात नऊ माणसं, कमावती ही एकटी. आणि बाप पाद्री!"

"म्हणूनच तर तिला सांगितलं नव्हतं," पेसामिनो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं हसू आटलं.

सांगितलं नव्हतं ते असं. तीन वर्षांपूर्वी पहिल्याच आठवड्यात त्याने ऑकलंडला सरळ विचारलं होतं, सहाला पंधरा मिनिटं सुट्टी द्या. तेव्हाचा साहेब म्हणाला, प्रार्थना काम सुटल्यावर करू दे की. आता याला कोण समजावणार, की गावात 'सा' तुमच्या सोयीने होत नाही! घराबाहेर पोरं दंडुके घेऊन उभी असतात, चुकलात तर गावसभेपुढे डुक्कर नाहीतर डबाबंद माशांचं खोकं दंड. पेसामिनो म्हणाला बरं, साहेब. आणि दुसऱ्या दिवसापासून अहवालात लिहायला लागला: 'सहा ते सव्वासहा दक्षिण किनाऱ्याला लाईट डिम होते. कॉम्प्युटर अडकतात. लाल खुणा धरू नयेत.' तीन वर्षं रोज हेच. साहेब बदलले, लाईट काही सुधारली नाही. कामावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. लोक भेटले की विचारायचे, काय पेसा, आज लाईट कशी आहे?

नव्या बाईला मात्र त्याने कळू दिलं नव्हतं. पाद्र्याची मुलगी, एखाद्या दिवशी खरं बोलून बसेल, ही भीती. ती बिचारी लाल खुणांना घाबरली आणि तिने आपला उपाय शोधला. आता अख्ख्या किनाऱ्याची लाईट डिम असताना या एका घरात पंखा भिरभिर फिरत होता.

"ऑकलंडच्या लक्षात यायच्या आत उद्या सकाळच्या बसने जातो आणि तिला—"

फोन वाजला.

एसेताने नंबर बघितला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. ऑकलंडच्या आत्ताच्या साहेब, ब्रॉन्विन मॅडम.

"पेसामिनो, मी आत्ता तुमचाच पडदा बघतेय," मॅडमचा आवाज आला. हळू, नीटनेटका. "एकोणीस नंबर चालू आहे."

"हो मॅडम. फार कष्टाळू बाई."

"तुम्ही लिहिता सहाला तिकडे लाईट नसते."

"नसते असं नाही मॅडम. डिम असते."

"मग हिची डिम का नाही?"

पेसामिनोने एसेताकडे बघितलं. एसेताने छताकडे बघितलं.

"जनरेटर," तो म्हणाला. "तिच्या काकांचा. मोठा आहे."

"अच्छा. मग बाकीच्या तीस जणांनाही जनरेटर देता येतील. आणि ते जमणार नसेल, तर हे काम जिथे दिवसभर नीट लाईट असते अशा ठिकाणी न्यावं, असं इथे वर चाललंय. म्हणून मी आज स्वतः बघायला बसलेय." मग त्या म्हणाल्या, "ही टाइप काहीच करत नाहीये. नुसता बाण हलतोय."

"वाचतेय, मॅडम. डावीकडून उजवीकडे."

"आणि उजवीकडून डावीकडे?"

"परत वाचतेय. नवीन आहे ना."

एसेताने तोंडात रुमाल कोंबला. पण पेसामिनोची नजर घड्याळावर होती. सहा वाजून नऊ मिनिटं. सव्वासहापर्यंत फुआतीनो प्रार्थनेवरून उठणार नव्हती. आणि बाण? एक, दोन, तीन, वळला. एक, दोन, तीन, वळला. आंधळ्याला दिसावं इतकं ते दिसत होतं. त्याने हळूच आपला माऊस पकडला, एकोणीसच्या आत शिरला, आणि बाण जरा वाकडा नेऊन एका रकान्यात 'डावा आरसा फुटला' एवढं टाइप केलं. तेवढ्यात पंख्याने बाण ओढून नेला. त्याने परत आणला. पंख्याने परत नेला.

"तिचा हात थरथरतोय का?" मॅडमनी विचारलं.

"वारा असेल, मॅडम." तोंडातून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

मग मॅडम अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "पेसामिनो, हे बघा. मी काही मूर्ख नाही. त्या बाईने माऊसला काहीतरी लावलंय. ती फसवत असेल तर स्पष्ट सांगा. मी तिला आत्ताच काढते आणि लिहिते, एकीची लबाडी होती, ती गेली. लाईटचा विषय मग कुणी काढणार नाही. बाकीचे तीस तसेच राहतील. तुम्हीही."

एसेताने हे ऐकलं होतं. तिने दोन्ही हात जोडले आणि जोरजोरात मान हलवली. हो म्हण. अरे, हो म्हण!

एवढं सोपं होतं. एक शब्द. तीस घरांच्या चुली वाचणार होत्या, त्याची स्वतःचीही. आणि ती बाई कोण? सात आठवड्यांत त्याने तिचं एकेक अक्षर बघितलं होतं. 'अपघात' लिहिताना ती दर वेळी चुकायची, पुसायची, परत लिहायची. दुपारी दोनला तिचा बाण पेंगायचा. अर्ज भरणाऱ्याने बायको गेल्याचं लिहिलेलं असलं, की बटण दाबायच्या आधी ती उगाच थोडा वेळ थांबायची. हे तिला न सांगता, न विचारता बघितलेलं.

"तुम्हाला खात्री नसेल," मॅडम म्हणाल्या, "तर तिचा कॅमेरा उघडा. तशी सोय आहे. संशय असेल तर आपल्याला परवानगी आहे."

सोय होती. पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसा डोळा होता. पेसामिनोने आयुष्यभर लोकांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, मेव्हण्याला घाबरवलं होतं, पण त्या डोळ्यावर त्याने कधी बोट ठेवलं नव्हतं.

"पेसामिनो? उघडताय की मी इथून उघडू?"

"नको, मॅडम."

"का?"

"आत ते बसलेत," तो म्हणाला. "खाली जमिनीवर. नऊ माणसं. म्हातारा पाद्री स्तोत्र म्हणत असेल, नवऱ्याला मांडी घालता येत नसेल तर पाय लांब केले असतील. ते देवासमोर बसलेत, मॅडम. अशा वेळी दारातून डोकावायचं नसतं."

एसेताने कपाळाला हात लावला.

"म्हणजे बाई जागेवर नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"कुणीच नाहीये. एकतीसच्या एकतीस. लाईट उत्तम आहे, मॅडम. गेली तीन वर्षं उत्तम आहे. सहाला आमच्याकडे शंख वाजतो आणि सगळे प्रार्थनेला बसतात. मी तुमच्या आधीच्या साहेबांना सांगून बघितलं, ते नाही म्हणाले. मग मी लाईट घालवली. रोज. मीच. त्या बाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सहाला लाल झालं तर तिसरी समज मिळेल, या भीतीने तिने पंखा बांधला. तिने कुणाला फसवलं असेल तर ते मी तिला सांगितलं नाही म्हणून."

पलीकडे मॅडमनी काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला.

"साडेसातशेच्या वर अहवाल आहेत तुमच्या सहीचे," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकावर खोटं."

"बाकी सगळं खरं आहे मॅडम. तेवढी पंधरा मिनिटंच खोटी."

"मला तुमच्यावर विश्वास कसा ठेवता येईल आता?"

याला त्याच्याकडे थट्टा नव्हती. तो म्हणाला, "नाही ठेवता येणार."

सहा वाजून पंधरा मिनिटांनी एकोणीसच्या चौकटीत बाण थबकला, दोन झटके खाल्ले, मोकळा झाला. मग त्या रकान्यात आपण न लिहिलेला 'डावा आरसा फुटला' बघून तो कितीतरी वेळ जागचा हलला नाही.

सोमवारी पत्र आलं. सहा ते सव्वासहा सर्वांना सुट्टी. गावाप्रमाणे वेळ पुढेमागे चालेल. काम इथेच राहील. फुआतीनोच्या दोन समज तशाच, तिसरी नाही. आणि पेसामिनोची जागा शुक्रवारपासून रिकामी.

"देवमाणूस आहेस तू," एसेता डोळे पुसत म्हणाली.

"गाढव आहे. वाऱ्याचं बोललोच कशाला मी!"

शुक्रवारी त्याने आपला कप धुतला, पिशवीत टाकला आणि बसने घरी गेला.

शनिवारी पहाटे, नुकतं उजाडत होतं, बायको लुपेने त्याला गदागदा हलवलं.

"उठा. अंगणात कुणीतरी बसलंय."

"बसू दे. कोंबडी असेल."

"कोंबडी चटई पांघरून बसते का? उठा म्हणते ना!"

तो लुंगी सावरत बाहेर आला. दारासमोर गवतावर कुणीतरी डोकं खाली घालून बसलं होतं आणि डोक्यावरून पार जमिनीपर्यंत चटई होती. साधी नव्हे. रेशमासारखी मऊ, आजीपासून नातीपर्यंत चालत येते ती. खून झाला, कुणाचं घर जाळलं, तर अपराधी माणूस असा येऊन बसतो आणि समोरच्याने माफ करून चटई उचलेपर्यंत उठत नाही. मागे दोन पावलांवर एक म्हातारे काका उभे होते, हातात गावप्रमुखाची काठी. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर यायला लागली होती.

काकांनी घसा साफ करून सुरुवात केली, "आमच्या घरच्या मुलीने तुमच्या घरचं अन्न—"

"काका, काका, थांबा!" पेसामिनो हात हलवत पायऱ्या उतरला. "अहो, पंखा बांधला तिने, माणूस नाही मारला! लोक काय म्हणतील मला?"

"रात्रभर चालत आलीय ती," काका म्हणाले. "बसने जाऊ म्हटलं तर ऐकली नाही. आता तुम्ही बघा."

पेसामिनोच्या तोंडावर एक चेष्टा आली होती. चटईला पंखा जोडलाय का, अशी काहीतरी. त्याने ती गिळली. चटई वरखाली होत होती, अगदी बारीक. खालून दोन पायांची बोटं बाहेर आली होती, चिखलाने माखलेली, एका अंगठ्याचं नख फुटलेलं.

गुडघा दुखत असूनही तो तिच्यासमोर गवतावर बसला. दवाने लुंगी भिजली. शेजाऱ्यांची कुजबुज थांबली. त्याने चटईची कडा दोन बोटांत धरली आणि तिथेच थांबला.

"फुआतीनोताई," तो हळू म्हणाला, "बघू का?"